आईचे सतरा दिवस चष्म्यात गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत, वय झालं की वाचन का सुटतं यावर अख्खं पान आहे आणि उपाय दोनच: नंबर तपासा, मोतीबिंदू काढा. ‘अचानक’ हा शब्द त्यात एकदाही नाही. फार संताप आला, म्हणून लिहिते आहे.

माझ्या आईने नौपाड्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी पेपर हातात घेऊन म्हणाली, “अगं, आज अक्षरंच लागत नाहीत.” आम्हालाही नंबरच वाढलासा वाटला. चष्मा केला, आठ दिवसांनी काचा बदलल्या. दुकानदार म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो. सतराव्या दिवशी तिने वाणसामानाची यादी लिहिली. तेच वळणदार अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक नाही. तासाभराने तीच यादी पुढे धरली, तर विचारते, “हे कुणी लिहिलंय? मला नाही वाचता येत.” तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे धावलो. डाव्या मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोक निघाला.

स्वतःचंच लिहिलेलं वाचता न येणारा असा रुग्ण फ्रान्सच्या देजेरिन या डॉक्टरांनी १८९२ मध्येच नोंदवला आहे. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जे दिसतं ते डाव्या मेंदूच्या पाठीमागे पोचतं. तो भाग गेला की दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. डावीकडचं उजव्या मेंदूला दिसत राहतं, पण तिथून डाव्या मेंदूतल्या वाचनाच्या केंद्राकडे येणारे तंतू तुटले की अक्षराची नुसती नक्षी उरते. हात मात्र लिहीत राहतो. आजही आई अक्षरावरून बोट फिरवते आणि गिरवून झाल्यावर म्हणते, “हं, हा ‘ळ’.”

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिचं तोंड वाकडं झालं नव्हतं, हात लुळा पडला नव्हता, म्हणून आम्हाला शंकाच आली नाही. नजर किंवा वाचन एकाएकी गेलं तर तडक हॉस्पिटल गाठा. एकेक डोळा झाकून पाहिल्यावर दोन्ही वेळा तीच बाजू दिसत नसेल, तर दोष बहुधा डोळ्यांच्या मागे, मेंदूकडे आहे. एवढ्या दोन ओळी पानभर मजकुरात बसल्या नसत्या का? निदान आता तरी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक छापा.

आणखी एक. राम मारुती रोडला फुटपाथवर स्कूटर लावणाऱ्यांनाही कृपया लिहा. आईचा उजवा खांदा दर आठवड्याला आरशावर आपटतो, आणि वर तिलाच ऐकावं लागतं, “आजी, चष्मा आहे ना? बघून चाला की!”

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)