सूचना : तीन मूर्ती भवन भेट

सभासदांनो, रविवारची दिल्लीतील तीन मूर्ती भवनाची भेट ठरल्याप्रमाणे आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, त्यामुळे दिवस बदलता येणार नाही.

येण्यापूर्वी थोडे जाणून घ्या. ब्रिटिश सरसेनापतीसाठी १९३० मध्ये बांधलेली ही वास्तू म्हणजे वास्तुविशारद रॉबर्ट टॉर रसेल यांची रचना. कॅनॉट प्लेसही त्यांचेच. पंडित नेहरू १९४८ मध्ये इथे राहायला आले आणि २७ मे १९६४ रोजी इथेच गेले. पुढच्या पंतप्रधानांचे निवासस्थान न करता त्याच वर्षी घराचे संग्रहालय झाले. हा निर्णय फार मोलाचा होता, असे मला मनापासून वाटते. २०२२ पासून आवारात सर्व पंतप्रधानांचे संग्रहालय आहे. पण नेहरूंच्या खोल्या घाईत उरकू नका. ओळखपत्र सोबत ठेवा.