डोळ्यापासून सुरुवात कर

वेंगुर्ले

चि. मृणाल हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं साच्यावर चढवून त्याला जिवंतासारखं करण्याच्या कामात, तू केलेल्या हरणाचे फोटो आईने आणि मी मोठे करून करून पाहिले. मानेमागची शिवण शोधूनही सापडली नाही. कातडं तू छान बसवलंयस. पण बाय, ते हरीण दचकल्यासारखं बघतंय. शेपटीच्या पांढऱ्या पिसाऱ्याचं ते तुमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं हरीण मी कधी पाहिलेलं नाही, तरी आयुष्यभर मूर्तींचे डोळे आखतोय, म्हणून सांगतो.

वरची पापणी तू फार वर ओढली आहेस. जिवंत जनावर स्वस्थ असताना पापणी बुबुळावर थोडी उतरलेली असते. काचेचा डोळा बसवताना त्याच्याभोवती माती भरतेस ना, तिथेच सगळं ठरतं. माती कमी पडली की कातडं सुकताना मागे खेचलं जातं आणि डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. शिवाय हरणाची बाहुली आडवी, लांबट असते. मान वर असो की खाली, ती जमिनीला जवळजवळ समांतर राहते. तुझ्या हरणाचा उजवा डोळा पुढच्या बाजूला कलंडला आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापुढे जी खाच असते, ती तर बुजूनच गेली आहे. तिथलं कातडं फॉर्ममधल्या, म्हणजे आतल्या तयार साच्यातल्या, चिरेत नीट आत खोचून पिनांनी धरून ठेव.

सुकायला ठेवलंस म्हणून काम संपलं असं समजू नकोस. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ पापण्या, ओठ आणि कानाचं बूड बघ. ओलं आहे तोवर बोटाने सारता येतं, वाळल्यावर रंगाने काही झाकत नाही. आपल्या मूर्तींच्या शाळेतही शाडूची मूर्ती सुकत असताना मी तिच्यावरून नजर काढत नाही, तू पाहिलंच आहेस.

कानाच्या टोकाचे केस गळाले, त्याचं कारण मीठ तिथवर नीट लागलं नाही. आजी बांगडे खारवताना कल्ल्यांत बोटं घालून मीठ चोळायची, तसं कर. कान टोकापर्यंत उलटव, ओठ आणि नाकपुड्या आतून चिरून पातळ कर, मग आयोडीन नसलेलं बारीक मीठ कडेपर्यंत चोळ. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लाव. मांस राहिलं तिथे मीठ आत शिरत नाही, जंतू वाढतात आणि केस मुळासकट सुटतात. एकदा सुटले की उपाय नाही.

फॉर्मचं माप कमावलेल्या कातड्यावरून घेतलंस का? ते ताणतं, त्यावर विसंबू नकोस. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर कातडं काढण्याआधी आणि मानेचा घेर कातडं काढल्यानंतर लगेच मोजून वहीत लिहून ठेव. नोव्हेंबरातल्या नराची मान माजामुळे फुगलेली असते. सध्या उन्हाळ्यात बारीक मानेची हरणं बघशील, त्यावरून फॉर्म निवडू नकोस. डोळे, कान, नाकाची ओल मात्र त्यांच्याकडूनच शीक. दुर्बीण घेऊन जा, कागदावर काढत बस. फोटोवर भागवू नकोस.

आणि मिलवॉकीला जा, मॅडिसनपासून दीड तासाची तर वाट. कार्ल एकली नावाच्या माणसाने १८९० मध्ये केलेला मस्करॅटचा (पाणथळीत राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्याचा) देखावा तिथल्या संग्रहालयात अजून आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्यानेच केलेले हरणांचे चार ऋतूंचे देखावे आहेत, तुझ्याच जातीच्या हरणांचे. तो हाडांच्या सांगाड्यावर मातीने स्नायू घडवायचा, त्याचा साचा काढायचा आणि मग कातडं चढवायचा. म्हणजे आधी मूर्तिकार. हे वाचल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट आहे : पुढच्या कातड्याला हात लावण्याआधी तू हरणाचं डोकं मातीत कर. फॉर्म विकत मिळतात हे मला ठाऊक आहे. तरीही कर. पापणीखाली काय आहे हे बोटांना कळलं की फॉर्ममध्ये कुठे भर घालायची आणि कुठे कानशीने घासायचं ते तुला विचारावं लागणार नाही.

हातमोज्यांशिवाय काम करू नकोस. विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांत तो मेंदूचा रोग सापडतोय म्हणतेस, तर मेंदू आणि पाठीच्या कण्यापासून जपून राहा. कवटी कापताना मालकांना सोबत घे.

वाडीतली मुलं विचारतात, मृणालताई इथे येऊन भेकराचं डोकं करील का? त्यांना सांगितलं, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, भेकराला हात लावायचा नाही. तिकडचं शिंग, कातडंही सामानात घालून आणू नकोस.

मातीच्या डोक्याचे फोटो पाठवशील ते समोरून, दोन्ही बाजूंनी आणि डोळ्याच्या उंचीवरून काढ. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दे, म्हणजे पापणीची कड मला दिसेल. आईने कुळथाची पिठी पाठवलीय, पोचली की कळव.

तुझा,
बाबा