अ‍ॅनाटॉमी हॉलमधल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही या महिनाअखेर निवृत्त होताय, असं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून मैत्रिणीने कळवलं. खात्यात निरोप होईल, शाल-श्रीफळ होईल. पण तुम्ही आम्हाला काय दिलंत ते हॉलबाहेरच्या लोकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कागदोपत्री तुम्ही शवविच्छेदनाच्या हॉलचे अटेंडंट. मला मेंदू आतून दाखवला तो तुम्ही.

सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मी, पहिल्या वर्षी नावांच्या ढिगाऱ्याखाली दबून गेले होते. पुस्तकातला मेंदू रंगीत असतो. थॅलॅमस जांभळा, पुटामेन हिरवा, प्रत्येकाभोवती काळी रेघ. टेबलावरच्या मेंदूत सगळं करडं आणि पांढरं, आणि रेघ कुठेच नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर तुम्ही हॉलला कुलूप लावायचे थांबलात, ट्रे पुन्हा बाहेर काढलात आणि म्हणालात, "बाय, सवकास." म्हणजे पोरी, सावकाश.

मेंदू बाहेर काढताना तुमची घाई कधीच दिसली नाही. कवटीचं झाकण निघालं की सगळ्यांना वाटतं काम झालं. तुम्ही मात्र पुढून बोटं घालून मेंदू हलकेच उचलायचात, आधी वासाच्या नसा, मग डोळ्यांच्या, मग पिट्युटरी ग्रंथीचा तो नाजूक देठ, एकेक कापत मागे जायचात. लहान मेंदूवरचा पडदा हाडाच्या कडेने सोडवल्याशिवाय पुढे हात नाही. तिथे ओढाताण झाली की मेंदूचा दांडा फाटतो आणि पुढच्या कित्येक मुलांना तो धड बघायला मिळत नाही. मग तळाच्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून मेंदू फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवणाऱ्या द्रावणात, उलटा टांगायचा, कारण बरणीच्या तळाशी ठेवला तर तो स्वतःच्याच वजनाने चपटा होतो. जेमतेम तेराशे-चौदाशे ग्रॅमचा अवयव, पण ताजा असताना इतका मऊ. हे सगळं पुस्तकात एखाद्या ओळीत असेल; मी ते तुमच्या शेजारी उभी राहून पाहिलं.

आणि तो आडवा छेद! लांब सुरी एकाच ओढीत फिरवून तुम्ही वरचा भाग बाजूला केलात. आत, मधोमध, दोन्हीकडे थॅलॅमस. त्याच्या पुढे कॉडेटचं डोकं, बाहेरच्या अंगाला पुटामेन आणि ग्लोबस पॅलिडस. आणि या करड्या गोळ्यांच्या मधून जाणारी, आतल्या बाजूला कोपर काढून वाकलेली पांढरी पट्टी. इंटर्नल कॅप्सूल. तुम्ही काडीने ती दाखवलीत आणि म्हणालात की हा आपला चोर्ला घाट. मेंदूच्या वरच्या सालीवर, म्हणजे बाहेरच्या करड्या थरावर, हाताची, पायाची, चेहऱ्याची ठिकाणं ऐसपैस पसरलेली असतात, पण तिथून निघालेले तंतू खाली उतरताना या काही मिलिमीटरच्या वाटेत दाटीवाटीने येतात. घाट बंद झाला की पलीकडचं सगळं अडतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात एक आजी आल्या. रक्तदाब जुना, गोळ्या मध्येच सोडलेल्या. उजवा हात, उजवा पाय, चेहऱ्याची उजवी बाजू, सगळं एकदम लुळं. सीटी स्कॅनमध्ये डावीकडे, आत खोल, दीड सेंटिमीटरचा पांढरा ठिपका, म्हणजे साचलेलं रक्त. मुलगा विचारत होता, एवढ्याशा रक्ताने अर्धं अंग कसं जाईल? मी केसपेपरच्या पाठीवर तुमचा छेद काढला. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीपासून केसासारख्या बारीक शाखा सरळ वर या भागात शिरतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्याच फुटतात. तंतू पुढे मेंदूच्या दांड्यात खाली उतरले की त्यांतले बहुतेक बाजू बदलतात, म्हणून डावीकडचा घाव उजवीकडे दिसतो. बोलणं जड झालं होतं, तरी आजींना सगळं समजत होतं, शब्दही जागेवर होते, कारण भाषेची साल वर शाबूत होती. मुलाने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आईशी तो नेहमीसारखा बोलत होता, आदल्या रात्रीसारखा मोठ्याने आणि तुटक नाही. तिला सगळं समजतं हे त्याला पटलं होतं, म्हणून. त्याच्या वतीनेही तुमचे आभार.

तुमच्या कपाटातल्या त्या दोन बरण्याही आठवतात. दोन्हीत मध्यमेंदूचे पातळ काप. एकात सब्स्टॅन्शिया नायग्राची काळी पट्टी ठळक, दुसऱ्यात जवळजवळ पुसलेली. "हांगा काळें आसा, थंय ना," एवढंच तुम्ही म्हणालात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, त्या रंगीत पेशी मरतात आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन आटतं, हे मी नंतर वाचलं. पण वाचताना ती फिकी पट्टी डोळ्यांसमोर होती, आणि थरथरता हात घेऊन कोणी समोर बसलं की आजही असते.

अजून एक. टेबलावरच्या देहाला तुम्ही कधी 'बॉडी' म्हटलं नाहीत. 'हे बाबा', 'ही आवय', म्हणजे आई. आम्हीही तसंच म्हणू लागलो. कोणी सांगितलं नव्हतं.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण 1842 पासून चालू आहे, पोर्तुगीज काळातल्या त्या शाळेपासून. तिथे शिकवलेल्या प्राध्यापकांची नावं सापडतात. प्रेतं जपणाऱ्या, बरण्या भरणाऱ्या, सुऱ्यांना धार लावणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलेली मला तरी दिसली नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या जागी जे येतील त्यांना तो दोरा ओवायला आणि ती सुरी एका ओढीत फिरवायला जाण्याआधी शिकवून जा, अशी हात जोडून विनंती आहे. खात्याने व्हिडिओ करून ठेवावा, असं मी तिथल्या मॅडमनाही लिहिलं आहे. नाही म्हणू नका.

आणि यंदा चवथीला काकींना घेऊन आमच्याकडे या. आई केव्हापासून विचारते आहे.

तुमची विद्यार्थिनी