अक्कांना आधी विचारणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

समोर येऊन बोलायला गेले तर तुम्ही 'बरं बरं, जा, आधी जेवून घे' म्हणून वाटेला लावाल, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं उघड. तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही, आणि ज्यांनी तुमच्या हाताखाली ड्युटी केली आहे त्यांना नावाची गरज पडणार नाही.

झालं असं की पहिलं पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डातलं शिक्षण, संपल्यावर आमच्या नर्सिंगच्या शाळेनं आम्हाला एक फॉर्म दिला. वॉर्डातली साधनं, शिक्षकांचं मार्गदर्शन, वर्गात शिकलो ते आणि वॉर्डात दिसलं ते यांचा मेळ, स्टाफचं वागणं. प्रत्येक ओळीपुढं पाच चौकोन, 'अत्यंत समाधानी'पासून 'अजिबात नाही'पर्यंत. पोस्टिंग दोन हॉस्पिटलांत झालं होतं, फॉर्म मात्र एकच. 'स्टाफचं वागणं' या ओळीला तुमच्यासाठी पहिला चौकोन लागत होता आणि आधीच्या ठिकाणासाठी शेवटचा. बाकीच्या पोरींसारखी मीही मधल्या चौकोनात खूण केली आणि कागद जमा केला. ती सरासरी तेव्हापासून डोक्यात टोचते आहे. तुमच्या वॉर्डात जे मिळालं ते मधल्या चौकोनातलं नव्हतं.

आधीचं हॉस्पिटल कुठलं ते सांगण्यात मला रस नाही. तिथं आम्हाला नावं नव्हती. 'ए स्टुडंट' अशी हाक आली की जी जवळ असेल तिनं पळायचं. एक्स-रे आणायला, रिपोर्ट पोचवायला, आणि सगळ्यात जास्त वेळा चहा सांगायला. नियमानं दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक वॉर्डात हवा. आमच्या मॅडम आल्या त्या ग्रुप फोटोच्या दिवशी. प्रोसिजर बुकावरच्या, म्हणजे आम्ही काय काय करून शिकलो त्याच्या नोंदवहीवरच्या, सह्या एका बैठकीत झाल्या, केलेल्याही आणि न केलेल्याही. हे सगळं चालतं म्हणे. आमच्या सिनिअर पोरींनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं धक्का बसला असं म्हणणार नाही.

मनाला लागलं ते वेगळंच. एका पेशंटच्या मुलानं माझ्याकडं बघून विचारलं, "यांना किती वर्षं झाली हो इथं?" मी तोंड उघडायच्या आत तिथल्या स्टाफनं सांगून टाकलं, "झाली की चार वर्षं!" आणि मागं वळून हसल्या. आमचा कोर्सच अख्खा तीन वर्षांचा. तो मुलगा निर्धास्त होऊन बाहेर गेला आणि मी त्याच्या आईजवळ उभी राहिले, चार वर्षांच्या अनुभवाची. त्या रात्री हॉस्टेलवर जेवण गेलं नाही. हे शिकायचं असेल तर गावाकडं जाऊन ज्वारी काढलेली बरी, असं वडिलांना फोनवर म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

तुमच्या वॉर्डात आले ते असं मन घेऊन.

आता अक्कांचं सांगते. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. रोज इतके पेशंट येतात-जातात, आणि तुमच्या लेखी त्यात विशेष काही घडलं नव्हतं. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, जन्मभर विड्या वळलेल्या. रक्त कमी, बी-ट्वेल्व कमी, चालताना पाय मुंग्यांनी भरलेले. ते लाल रंगाचं इंजेक्शन आय.एम., म्हणजे स्नायूत, द्यायचं होतं. ट्रे मी लावला, औषध मी भरलं, तुम्ही अँप्युलवरचं, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीवरचं, नाव आणि तारीख मला मोठ्यानं वाचायला लावलीत. कमरेखाली कुल्ल्याचे चार भाग धरले तर वरच्या बाहेरच्या भागातच द्यायचं, नाहीतर पायात उतरणारी मोठी नस, सायटिक नर्व्ह, दुखावते, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शाळेच्या लॅबमधल्या पुतळ्याला मी कितीतरी वेळा टोचलं होतं. पुतळा नको म्हणत नाही.

मला वाटलं, तुम्ही आता नुसती मान हलवाल आणि मी पुढं व्हायचं. तुम्ही कॉटच्या कडेला वाकलात आणि अक्कांना म्हणालात, "अक्का, ही आमची विद्यार्थिनी. पहिल्या वर्षाला आहे. आजवर पुतळ्यालाच इंजेक्शन दिलंय हिनं, माणसाला नाही. मी इथं हिच्या हाताजवळ उभी आहे. हिच्याकडून घेताय का माझ्याकडून?"

सिस्टर, माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आदल्या हॉस्पिटलात चार वर्षांची झालेली मी, इथं एका वाक्यात पुतळ्यापर्यंत खाली आले! अक्कांनी मला पायातल्या बुटांपासून डोक्यावरच्या पिनांपर्यंत नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "वद्दम्मा. नक्को. तुमीच द्या."

तुम्ही "बरं की, मीच देते" म्हणालात. बस. 'अहो, मग पोरींनी शिकायचं कसं' नाही, 'काही होत नाही हो' नाही, माझ्याकडं बघून कसनुसं हसणं नाही. दुकानात एका रंगाची चादर नको म्हटल्यावर भला दुकानदार न कुरकुरता दुसरी काढतो, तितक्या साधेपणानं तुम्ही ट्रे माझ्याकडून घेतलात. मी मागं सरकायला लागले, कारण माझं काम संपलं असं मला वाटलं. तर तुम्ही मान न वळवता म्हणालात, "कुठं निघालीस? त्या बाजूनं ये. अक्कांचा हात धर आणि बोल त्यांच्याशी."

एवढंच. त्या पोस्टिंगमधलं एकच काही जपून ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवीन.

मी त्या बाजूला गेले. अक्का कुशीवर वळल्या होत्या, तोंड माझ्याकडं. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, हजार विड्या वळायला किती वेळ लागतो. अक्कांच्या चेहऱ्यावर 'ही पोरगी कुठून आली' असं आलं. मग माझ्याच तळहातावर अंगठा आणि बोटानं त्या दाखवायला लागल्या, पान कसं कापायचं, तंबाखू किती घ्यायची, टोक कसं मुडपायचं. बोटांची पेरं घासून गुळगुळीत झालेली. टोक मुडपून होईपर्यंत तुमचं इंजेक्शन देऊन झालं होतं आणि अक्कांना ते कळलंही उशिरानंच. तुम्ही फक्त "असंच" म्हणालात. ते अक्कांना होतं का मला, अजून ठरलेलं नाही.

पुढं काय झालं तेही लिहिते, कारण असल्या गोष्टी सांगताना लोक शेवट गोड करतात. अक्कांनी डिस्चार्ज मिळेपर्यंत माझ्याकडून एकही इंजेक्शन घेतलं नाही. रोज तुम्ही विचारायचात, रोज त्या "तुमीच" म्हणायच्या. वेणी मात्र माझ्याकडूनच घालून घ्यायच्या. माझं पहिलं इंजेक्शन घेतलं ते पलीकडच्या कॉटवरच्या मोहोळकडच्या आजींनी. त्यांनी अक्कांचं सगळं कान देऊन ऐकलं होतं. "मला टोच गं," त्या आपण होऊनच म्हणाल्या, "बघू तरी तुझा हात कसाय." तरी तुम्ही त्यांनाही पहिल्यापासून सगळं विचारलंतच, पुतळ्यासकट. त्या हो म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हो म्हणजे काय असतं. नाही म्हणायची मोकळीक त्यांनी शेजारच्या कॉटवर डोळ्यांनी बघितली होती, आणि तरी त्या हो म्हणाल्या. माझा हात थरथरत होता. टोचल्यावर आजी म्हणाल्या, "झालं व्हय? मंग काय उगं!"

लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या शपथविधीच्या, दिवशी पणती हातात घेऊन आम्ही नाइटिंगेलची शपथ घेतली होती. पाठ करताना शोधलं तर कळलं की ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटला, लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीनं ती तयार केली. मूळ शपथेत घातक औषध देणार नाही असं आहे, पेशंटच्या घरच्या गोष्टी बाहेर सांगणार नाही असं आहे, डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेनं साथ देईन असंही आहे. पेशंटला विचारीन असं मात्र कुठंच नाही. तेवढं वाक्य मी तुमच्याकडून घेतलं.

यावरून एकदा तुम्हाला छेडलंही होतं, आठवतंय? नाडी बघून झाली की मनगटावरची बोटं तशीच ठेवून पूर्ण मिनिट श्वास मोजायचे आणि पेशंटला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. हे तुम्हीच शिकवलंत. मी म्हटलं, "मग इथं नाही का विचारायचं?" तुम्ही चार्टवरून डोळे न उचलता म्हणालात, "सुई टोचताना विचार. छाती वर-खाली होताना नुसतं बघितलं तर कुणाचं काय जातंय?" हसू आलं, पण वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्यामुळं मला आता सगळीकडं ही विचारणारी माणसं दिसायला लागली आहेत. आपल्या वॉर्डातल्या मावशी कॉटखाली फरशी पुसायच्या आधी नातेवाइकाला "पाय वर घेताय का जरा" म्हणतात. दटावत नाहीत, विचारतात. रक्त घ्यायला येणारे एक दादा हाताची शीर शोधताना "दुखलं तर सांगा, मी थांबतो" म्हणतात आणि खरंच थांबतात. सोलापूरची बोली कडक भाकरीसारखी, बाहेरच्या माणसाला वाटतं सगळे भांडतायत. पण एस.टी. स्टँडवर रात्री उतरलेल्या पोरीला "कुठं जायचंय, कुणी न्यायला येणारे का" असं दरडावून विचारणारा रिक्षावाला, आणि ती हो म्हणेपर्यंत रिक्षा चालूच न करणारा, हेही इथलंच आहे. ते चांगले संस्कार वगैरे मला कळत नाही. समोरचा माणूस नाही म्हणू शकतो हे ज्याच्या डोक्यात असतं, त्याच्या हाताखाली भीती वाटत नाही, एवढं मात्र कळलं. पेशंटला वाटत नाही आणि शिकणारीलाही वाटत नाही.

आणखी एक. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक आम्ही शाळेच्या सहलीत बघितलं होतं. १९३८ साली आपल्या गावचा हा माणूस चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला, आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच वारला, हे सोलापूरच्या पोराटोरांना पाठ असतं. त्यांची बायको क्वो छिंगलान नर्स होती, हे मला नर्सिंगला आल्यावर समजलं. गावाला डॉक्टर लक्षात राहतो. त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही, कोटणीसांचा तर नाहीच नाही. पण वॉर्डाच्या फलकावर युनिटच्या सगळ्या डॉक्टरांची नावं असतात आणि तुमचं फक्त ड्युटीच्या रजिस्टरात, तेही पेन्सिलीनं, कारण ड्युटी बदलत राहते. मग निदान या पत्रात तरी तुमच्या कामाला जागा असावी असं वाटलं.

शाळेच्या मॅडमना मी जाऊन सांगितलंय की तो फॉर्म हॉस्पिटलप्रमाणं वेगळा हवा. त्या 'बघू' म्हणाल्या. पुढच्या बॅचच्या पोरी येतील तेव्हा त्यातली एखादी तुमच्यासमोर गप्प उभी राहील, हाक मारली की दचकेल. ती मंद नाही, ती तिकडून आली असेल. तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळतं.

आईनं गावाकडून शेंगाचटणी पाठवली आहे, उखळात कुटलेली, तिखट आहे. रविवारी घेऊन येते. तुमची मॉर्निंग आहे का इव्हिनिंग ते मावशींना विचारून ठेवलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी आग्रह करणार नाही, पण मग डबा मोहोळच्या आजींना जाईल. त्यांचा परवाच पुन्हा दाखवायला येऊन गेल्याचा फोन होता आणि त्या चटणीला नाही म्हणणाऱ्यातल्या नाहीत.

आपली नम्र,
पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी
(पुतळ्यानंतर एका माणसाला इंजेक्शन दिलेली)