चिठ्ठीवरचे पद आणि मनातले काम

महोदय,

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत ध्येयनिश्चितीवर आलेले लेख मी लक्षपूर्वक वाचले. मोठ्या ध्येयाचे लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याला तारीख द्यावी आणि ते कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावावे, हा त्यांतला सल्ला चुकीचा नाही. परंतु सदाशिव पेठेत अकरा वर्षे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्या मुलांकडे ध्येयांची टंचाई कधीच नव्हती.

माझ्याकडे साठ टेबले होती आणि जवळजवळ प्रत्येकावर चिठ्ठी डकवलेली असे: ‘उपजिल्हाधिकारी’ किंवा ‘डीवायएसपी’, आणि खाली साल. साल उलटले की जुन्या चिठ्ठीवरच नवी चिकटवली जाई. एका टेबलावरून मी चार सालांचे थर खरवडून काढले आहेत. चहाच्या वेळी मी सहज विचारत असे, की पद मिळाल्यावर तुला नेमके काय करायचे आहे? उत्तर बहुधा अभिरूप मुलाखतीसाठी घोटलेल्या परिच्छेदातून येई. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यातला एक मुलगा मात्र एकदा टँकरबद्दल बोलू लागला. गावात टँकर किती वाजता येतो, आधी कोणत्या वस्तीवर जातो, विहिरीत पाणी ओतल्यावर पहिला पोहरा कोणाचा पडतो, मागणीचा प्रस्ताव तालुक्याला वेळेत गेला असता तर दुसरी खेप कशी मंजूर झाली असती, असे तो तासभर सांगत राहिला. मग घड्याळ पाहून ओशाळला आणि म्हणाला, “सर, उगाच वेळ गेला, चालू घडामोडी राहिल्या.” चिठ्ठीवरचे पद त्याने क्लासच्या फलकावरून उचलले होते, टँकर त्याचा स्वतःचा होता, आणि नेमकी त्यालाच वेळापत्रकात जागा नव्हती.

‘ध्येय’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याचे ध्यान करावे ते, असा आहे. आपण त्याचे नेमबाजीतले लक्ष्य करून टाकले: लागले तर लागले, नाही तर हुकले. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या 2024 च्या पूर्वपरीक्षेसाठी सुमारे 9 लाख 92 हजार अर्ज आले, प्रत्यक्ष बसले 5 लाख 83 हजार आणि अखेरीस शिफारस झाली 1,009 जणांची. ज्याच्यापाशी केवळ पदाचेच स्वप्न होते, त्याने उरलेल्या लाखोंत गणला गेल्यावर काय हाती धरावे?

1875 मध्ये मुरुडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेलेल्या, महिला विद्यापीठाचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे यांना सहावीच्या परीक्षेला बसूच दिले नाही. सतरा वर्षे पूर्ण असूनही ते लहान दिसतात, असे परीक्षक समितीचे म्हणणे पडले. ती परीक्षा त्या काळी नोकरीचे दार होती. पुढे ते शिकले आणि 1891 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले; पण यांतल्या कोणत्याही टप्प्यावर ‘1916, महिला विद्यापीठ’ अशी चिठ्ठी त्यांच्या भिंतीवर असणे शक्य नव्हते. विधवांची अवस्था मात्र त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. 1893 मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, मुरुडकरांचा बहिष्कार सोसला आणि पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी संस्था काढली. त्या वाटेने फार थोड्या स्त्रियांपर्यंत पोहोचता येते हे दिसल्यावर 1896 मध्ये आश्रमाकडे, म्हणजे शिक्षणाकडे वळले. दिवसभर शिकवून आश्रमाच्या हिंगण्यातल्या झोपडीकडे पायी जाणाऱ्या या माणसाला रोजची प्रेरणा कुठून आणावी, हा प्रश्न पडला असेल असे मला वाटत नाही. त्यांची साधने आणि उद्दिष्टे बदलत गेली, अस्वस्थता तीच राहिली.

ही पोट भरलेल्यांची भाषा आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. ज्याच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून पुण्याचा खर्च चालवला आहे, त्याला आधी पगार हवा, आणि पगारासाठी परीक्षा देणे यात कमीपणा काहीच नाही. त्याने त्यावर समाजसेवेची झूल घालू नये, एवढेच. पण पगाराची गरज आणि आयुष्याची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी तरी विशीतच सांगायला हवे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतली ‘सर्च’ संस्था 2006 पासून ‘निर्माण’च्या शिबिरांतून तरुणांपुढे हाच विषय ठेवत आली आहे, पण त्यासाठी प्रत्येकाला गडचिरोलीपर्यंत जाणे जमेलच असे नाही.

जतच्या त्या मुलाचे पद निघाले नाही. तो गावी परतला, एवढेच मला ठाऊक आहे.

आपणांस एक विनंती आहे. निकालानंतर आपण यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती छापता, त्यांत रोज किती तास अभ्यास केला हा प्रश्न ठरलेला असतो. त्याऐवजी, हे पद मिळाले नसते तर कोणते काम हाती घेतले असते, असे विचारावे. उत्तर आले नाही, तर ती जागा कोरी छापावी.

एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे