रेदियोंची चढण मोडू नका, कडेची जागा सुधारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ या मोटार शर्यतींच्या सर्किटवरचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. ओ रूज हे वळण माणसे मारते, तेव्हा तिथे शिकेन (वेग कमी करायला लावणारे नागमोडी वळण) टाकून वेग तोडावा आणि परंपरेचे कौतुक आता पुरे करावे, असे लेखकाचे म्हणणे आहे. त्यामागची कळकळ खरी आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ची फॉर्म्युला टूची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) स्पाची शर्यत मी मुलासोबत थेट पाहत होतो. अपघात झाला, शर्यत थांबली आणि त्यानंतर तो प्रसंग पडद्यावर पुन्हा दाखवलाच नाही. दाखवत नाहीत याचा अर्थ काय, हे मला कळले होते. मुलाला कळले नव्हते, तो विचारत राहिला. त्यात गेलेला ड्रायव्हर आंत्वान ह्युबेर अवघा २२ वर्षांचा होता. म्हणूनच लेखातील चिंता माझीही आहे. फक्त उपाय चुकीच्या जागी सुचवला आहे असे मला वाटते.

आधी जागा. ओ रूज हे मुळात एका ओढ्याचे नाव आहे, अर्थ ‘लाल पाणी’. ला सूर्सच्या हेअरपिन वळणावरून गाड्या उतारावर सुसाट खाली येतात, ओढ्यापाशी किंचित डावीकडे वळतात, आणि तिथून जी अंगावर येणारी चढण उजवीकडे व मग डावीकडे वळत माथ्यावर जाते, तिचे नाव रेदियों. आपण सगळे मिळून या अख्ख्या भागाला ओ रूज म्हणतो. माथा ओलांडेपर्यंत ड्रायव्हरला पलीकडचे काहीच दिसत नाही. तिथून केमेलची लांब सरळी सुरू होते.

परंपरा म्हणून आपण जिला कवटाळतो, ती ही चढण सर्किट सुरू झाले तेव्हा शर्यतीच्या वाटेत नव्हतीच. पूर्वी गाड्या जुन्या जकात नाक्यापाशी एका आखूड वळणाने फिरून वर जात. ते वळण वगळून सरळ टेकडीवर चढणारा रस्ता १९३९ मध्ये केला गेला. म्हणजे ज्याला हात लावू नये असे आम्ही चाहते म्हणतो, तेही एका बदलातूनच आलेले आहे. स्पाची परंपरा बदलाच्या विरोधात आहे, हे म्हणणे मला त्यामुळे पटत नाही. गाव, जंगल आणि डोंगर यांनी आखून दिलेल्या वाटेवर जोरात गाडी चालवायची, ही तिथली खरी परंपरा.

आणि जुन्या वाटेतले जे भाग गेले, त्यातले बरेच गेले ते चांगलेच झाले. फ्रँकोरशाँ, माल्मेदी आणि स्ताव्हलो यांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरचा जुना ट्रॅक १४ किलोमीटरहून लांब होता. कडेला घरे, तारेचे खांब, कुंपणे. १९६० च्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन ड्रायव्हर एकाच दिवशी गेले. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टची गाडी जुन्या ट्रॅकवरच्या मास्ता या वेगवान भागाजवळ रस्ता सोडून गेली. इंधन अंगावर सांडत असताना तो गाडीत अडकून पडला होता. त्याला सोडवले ते ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन ड्रायव्हरांनी, तेही एका प्रेक्षकाकडून मागून आणलेल्या पान्याने. पुढे रुग्णवाहिका रस्ता चुकली. यानंतर स्टुअर्टने सुरक्षेचा आग्रह धरला, तेव्हा त्याला भित्रा म्हणणारे कमी नव्हते. १९६९ ची शर्यत ड्रायव्हरांच्या बहिष्कारामुळे झालीच नाही. १९७० नंतर फॉर्म्युला वन तिथून गेली, आणि १९८३ मध्ये सात किलोमीटरच्या नव्या ट्रॅकवर परतली. त्या वेळी स्टुअर्टचे ऐकले नसते तर आज स्पावर बोलायला काही उरलेच नसते. जुन्या मास्तासाठी उसासे टाकणाऱ्या माझ्या चाहते मित्रांना हे मी नेहमी सांगतो, आणि त्यावरून आमचे खटकेही उडतात.

आता शिकेनबद्दल. हा प्रयोग झालेला आहे. १९९४ मध्ये इटलीतील इमोला सर्किटवर दोन दिवसांत रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे ड्रायव्हर गेले, सगळा खेळ हादरला, आणि त्या वर्षी ओ रूजपाशी तात्पुरती शिकेन बसवली गेली. पुढच्याच वर्षी ती काढली. इमोलाला मात्र सेना जिथे गेला त्या तांबुरेल्लो वळणाच्या जागी शिकेन आली ती कायमची. फरक जमिनीत आहे. तांबुरेल्लोच्या भिंतीमागे सांतेर्नो नदी वाहते, भिंत मागे सरकवायला जागाच नव्हती. तिथे वळण मोडणे हाच मार्ग होता आणि तो घेतला हे योग्यच झाले. स्पाला भिंतीमागे नदी नाही, टेकडी आहे. टेकडी कापता येते. खर्च येतो, पण येते.

आणि माणसे नेमकी कशाने गेली ते पाहा. १९८५ मध्ये स्टेफान बेलोफ हा ड्रायव्हर पुढच्या जॅकी इक्सला ओलांडायला गेला, गाड्या घासल्या आणि त्याची पोर्शा समोरच्या कठड्यावर आदळली. कठडा फार जवळ होता. २०१९ मध्ये आधी ह्युबेरची गाडी माथ्यापुढच्या रन-ऑफमधल्या (ट्रॅकबाहेर सुटलेल्या गाडीसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतल्या) कठड्यावर आदळली, तिथून उलट फेकली गेली आणि जवळपास थांबली. तेवढ्यात हुआन मॅन्युएल कोरिआची गाडी ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने तिच्या कुशीत घुसली. गाडीवर हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचे संरक्षक कडे, होता. पण आडव्या उभ्या गाडीला बाजूने बसणारा असा दणका कोणतीच गाडी पेलत नाही. कोरिआचे दोन्ही पाय मोडले. २०२३ च्या जुलैमध्ये १८ वर्षांचा डिलानो व्हॅन ट हॉफ केमेलच्या सरळीवर असाच गेला. पाऊस होता, गाडी आडवी झाली आणि चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या पडद्यामागून येणाऱ्याला ती दिसली नाही.

शेवटच्या दोन्ही घटनांत जीव घेतला तो माथ्यापलीकडे, दुसऱ्या धडकेने. गाडी सुटणे हे शर्यतीत होणारच. सुटलेली गाडी परत वाहतुकीत येणे आणि मागच्याला ती न दिसणे, हे मात्र रोखता येते.

२०२२ मध्ये त्याच दिशेने काम झाले. सर्किटने सुमारे ८ कोटी युरोंच्या योजनेतून कठडे मागे नेले, रन-ऑफ रुंद केले आणि कित्येक वळणांवर डांबराच्या जागी पुन्हा खडी आणली. टेकडीवर वर्षानुवर्षे उभे असलेले लाकडी घरही त्यासाठी पाडले गेले. जुन्या छायाचित्रांत ते दिसते, मला त्याचे वाईट वाटले, पण पाडले ते बरोबर. हे काम मोटरसायकलींना डोळ्यांसमोर ठेवूनही झाले, आणि २४ तासांची मोटरसायकल शर्यत स्पाला परत आली.

खडीवर थोडे जास्त लिहितो, कारण लेखात तिचा उल्लेखच नाही. रुंद डांबर टाकले की चुकलेला ड्रायव्हर बाहेर जातो, काहीही न गमावता परत येतो, आणि पुढच्या फेरीत वेगाच्या पेडलवरून पाय अजिबात उचलत नाही. चाके निखळलेली गाडी तर डांबरावर वेग फारसा न गमावता घसरत राहते. खडीत गाडी रुतते, मंदावते, शर्यत संपते. आडवी शिरलेली गाडी खडीत उलटू शकते हेही खरे, म्हणून ती सरसकट सगळीकडे घालून चालत नाही. पण रेदियोंच्या कडेला खडी असली की पाय उचलायचा की नाही हा प्रश्न ड्रायव्हरसमोर पुन्हा उभा राहतो. मला हवी असलेली परंपरा हीच, आणि ती सुरक्षेच्या आड येत नाही.

याउलट जर्मनीतील हॉकेनहाइम सर्किट पाहा. जंगलातून जाणाऱ्या त्या लांब सरळ्या २००२ मध्ये कापल्या, जुने डांबर उखडले, तिथे झाडे लावली. आता कोणी म्हणाले तरी ते परत आणता येणार नाही. रेदियोंवर घाव घालण्याआधी हे आठवावे.

व्हॅन ट हॉफ गेला तो हे सगळे काम झाल्यानंतर, हे मी विसरलेलो नाही. केमेलच्या सुरुवातीचे कठडे अजून मागे जायला हवेत. फॉर्म्युला वनच्या नव्या करारानुसार २०२८ आणि २०३० मध्ये स्पाला ग्रां प्री नाही. तिकिटांचे उत्पन्न बुडेल, पण यंत्रे लावायला सवड मिळेल, ती घ्यावी. पावसात तर थांबण्यावाचून उपाय नाही. २०२१ मध्ये सेफ्टी कारमागे (सगळ्यांना हळू चालवणाऱ्या पुढच्या गाडीमागे) चार फेऱ्याही धड न होता अर्धे गुण वाटले गेले, ती फसवणूक होती. पण २०२५ मध्ये सव्वा तासाहून जास्त थांबून मग शर्यत सुरू केली, त्यावर ‘फार घाबरले’ अशी टीका झाली. मला तो निर्णय पटला. आणि जी शिस्त फॉर्म्युला वनला लावली, ती विशीच्या आसपासच्या मुलांच्या छोट्या शर्यतींना तितक्याच कडकपणे लावली पाहिजे, कारण २०१९ आणि २०२३ मध्ये गेली ती मुले अशाच शर्यतींतली होती.

एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत ह्युबेर आणि व्हॅन ट हॉफ यांचे अपघात ‘ओ रूज वळणावर’ झाल्याचे छापले आहे. पहिला रेदियोंच्या माथ्यापलीकडे झाला, दुसरा केमेलच्या सरळीवर. जागा चुकली की उपायही चुकतो, म्हणून पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक