जागलीला जाण्याआधी

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

या दिवाळीत हलक्या (लवकर पिकणाऱ्या) धानाची कापणी आणि रात्रीची जागल, म्हणजे शेताची राखण, तुझ्याकडे आहे. आपली धानाची बांधी तुझ्या ओळखीची आहे, पण तू येतोस ते उन्हाळ्यात, जंगल उघडं पडलेलं असताना. कोजागिरीनंतर गवत कंबरेएवढं असतं आणि नाल्याच्या काठची रायमुनिया (घाणेरीची झुडपं) इतकी दाट, की दहा पावलांवरचं दिसत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे सगळे वाघाचंच बोलतात. पांदणीनं पायी जाणाऱ्यासाठी मला अस्वलाची काळजी जास्त वाटते. वाघ बहुतेक वेळा माणसाला आधी पाहतो आणि बाजूला होतो. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही. त्याचं नाक तिखट, पण वारा त्याच्याकडून तुझ्याकडे वाहत असेल तर ते नाकही कामाचं नाही. त्यातून ते वारुळावर असलं की संपलंच. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढतं, आणि त्या फुरफुरीत तुझी चाहूल त्याला लागत नाही. तू जवळ पोचतोस, ते दचकतं आणि पळायचं सोडून अंगावर येतं. म्हणून तू येतो आहेस हे त्याला आधी कळलं पाहिजे. काठीला घुंगरू बांध, ती दगडावर आपटत चाल, मोठ्यानं बोल. कानात इअरफोन नको. गाणं ऐकायचंच असेल तर मोबाइल खिशात मोठ्यानं वाजू दे.

या दिवसांत ते सीताफळांवर येतं, पुढे बोरांवर. नाल्यापलीकडच्या सीताफळीच्या झुडपांत सकाळी-संध्याकाळी जाऊ नकोस, फळं कितीही पिकलेली असोत. वाटेत उकरलेलं वारूळ दिसलं तर माती बघ: ओली आणि मोकळी असेल तर ते आत्ताच गेलं आहे. विष्ठेत सीताफळाच्या काळ्या बिया दिसतात. पाऊल माणसाच्या अनवाणी पायासारखं, फक्त पुढे लांब नखांच्या खुणा. असं काही ताजं दिसलं तर त्या दिवशी गाडीरस्त्यानं फेरा घालून जा. सकाळी साताच्या आधी निघू नकोस, जागल नसेल तेव्हा संध्याकाळी पाचला गावाकडे वळ.

अस्वल दूर असेल आणि त्याला तुझी खबर नसेल, तर आल्या वाटेनं मागे फिर. समोरासमोर आलं आणि दोन पायांवर उभं राहिलं, तर ते वास घेत असतं, लगेच हल्ला करेलच असं नाही. हळू आवाजात बोलत, पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे सरक. दगड मारू नकोस. पाठीवर किंवा मागे पिल्लू असेल तर दोघांच्या मधे कधीच येऊ नकोस. पळून उपयोग नाही, ते माणसापेक्षा जोरात धावतं. झाडावर चढूनही नाही. मधाच्या पोळ्यासाठी ते रोजच चढतं. धावून आलं तर काठी आडवी पुढे धर, पुष्कळदा ते अर्ध्यातून वळतं. पाडलंच तर पालथा पड, बोटं मानेमागे गुंफ, कोपरांनी दोन्ही गाल झाक. त्याची नखं बोटाएवढी लांब असतात आणि मार बहुतेक तोंडावर, डोक्यावर बसतो. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नकोस.

वाघ-बिबट्यापुढे मात्र उलटं. तिथे झोपायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं तर अजिबात नाही. हात वर करून उभा राहा, ओरड, नजर न काढता मागे हट. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, आणि धान कापणारे दिवसभर वाकलेलेच असतात. म्हणून कापणीला पाच जण असतील तर एकानं काठी घेऊन उभंच राहायचं, तासातासाला पाळी बदलायची. मजुरी वाया जाते असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

कापणी गावाकडच्या धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) जंगलाकडे न्या. चारी बाजूंनी कापत आत गेलात, तर मधल्या उभ्या धानात बसलेलं रानडुक्कर शेवटी तुमच्याच अंगावरून बाहेर पडेल.

कुत्रा सोबत नेऊ नकोस. मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि मग मदतीला तुझ्याकडेच धावत येतो. गाय-बैल मारलेला दिसला तर जवळ जाऊ नकोस, वाघ पुन्हा खायला येतो. वनरक्षकाला किंवा 1926 वर कळव, पंचनामा तेच करतील.

जागलीला जमिनीवर झोपायचं नाही. मचाणाचे दोर आणि फळ्या उजेडात तपास. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोच. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा उचलण्याआधी काठीनं उलटव, खाली घोणस असू शकते. चावलीच तर अंगठी-कडं काढ, हातपाय हलवू नकोस, आवळून बांधू नकोस, चिरा देऊ नकोस. 108 ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठ, वाटेत कुणाकडे मंतरून घेण्यात वेळ घालवू नकोस. अस्वलाच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धर, हळद भरू नकोस. रक्त आटोक्यात असेल तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धू. रेबीजची आणि धनुर्वाताची लस दवाखान्यात विचारून घे.

एक गोष्ट जनावराची नाही, माणसाची आहे. डुकरांसाठी कुणी धुऱ्याच्या तारेत थेट वीज सोडली असेल, तर तिच्यावर पाय पडणारा माणूसही मरतो. कुंपणाला लावायच्या झटका मशीनची गोष्ट वेगळी, त्यात वीज क्षणभरच येते. रात्री दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट काढायची नाही. आपल्या बांधीला तशी तार लावायचं कुणी सुचवलं, तर माझं नाव सांगून नाही म्हण.

बॅटरीतले जुने सेल काढून ठेवले आहेत, येताना तीन नवे आण. घुंगरू कोठीच्या खुंटीला आहेत.

तुझा,
बाबा